अनोळखी लेबलांचा सोल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गायकी आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकाच्या अखेरीस सोल संगीत आकाराला आले. डेट्रॉइटचे मोटाउन आणि मेम्फिसचे स्टॅक्स ही त्यातली मोठी नावे. त्याच काळात शहरोशहरीच्या शेकडो लहान लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी, आपल्या तबकड्यांच्या पाचशे-हजार प्रती छापल्या आणि ती गाणी तिथेच राहून गेली. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा ऐकली जाऊ लागली आहेत. या अंकात नाशिक परिसरातून आलेले याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

एका संग्रहात जेम्स कारचे ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ ऐकले आणि थक्क झालो. एवढा मोठा गायक, आणि नावही कधी कानावर आले नव्हते. अशी गाणी मागे का पडली? आणखी ऐकायचे तर सुरुवात कुठून करू? (गंगापूर रोड)

गाणे कमअस्सल होते म्हणून मागे पडले, असे क्वचितच घडले. कारण शोधायचे तर पैसा कसा फिरत होता ते पाहावे लागते. लहान लेबलाला छापखान्याचे, म्हणजे प्रेसिंग प्लँटचे पैसे आधी मोजावे लागत. माल वितरकाकडे उधारीवर जाई. न खपलेला परत येई आणि खपलेल्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडत. गाणे पडले तर भांडवल बुडाले, हे उघडच आहे. पण गाणे चालले तरी अडचण होतीच, कारण मागणी पुरवायला आणखी हजारो प्रती लगेच छापायला हव्यात आणि पहिल्या प्रतींचा पैसा अजून हातात नाही. हिट गाण्याने लेबल बुडायचे ते असे. रेडिओचेही तेच. आपल्या शहरातल्या डीजेशी मालकाची ओळख असे, म्हणून गाणे तिथे वाजे. दुसऱ्या शहरातल्या स्टेशनवर ते वाजवून घ्यायला ओळख किंवा पैसा लागे, आणि दोन्ही नसे.

जेम्स कार ज्या गोल्डवॅक्स लेबलवर गायला ते मेम्फिसचे. क्विंटन क्लॉन्च आणि रूडॉल्फ रसेल यांनी ते १९६४च्या सुमारास उभे केले. तुम्ही ऐकलेले गाणे डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी लिहिलेले आहे. याच लेबलने १९६४ मध्ये ओ. व्ही. राइटचे ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ काढले. थोड्याच दिवसांत ओटिस रेडिंगने तेच गाणे गायले आणि लोकांच्या लक्षात त्याचे राहिले. भरीला, ह्यूस्टनचा लेबलमालक डॉन रोबी याने राइटवर आपल्या आधीच्या कराराचा हक्क सांगितला आणि गोल्डवॅक्सच्या हातून गायकच गेला. लहान लेबलांच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो.

ही गाणी परत वर आणण्याचे पहिले मोठे श्रेय उत्तर इंग्लंडमधल्या तरुणांचे. त्यांना नाचायला जलद ठेक्याचा, साठच्या दशकाच्या मध्याचा डेट्रॉइटी सोल हवा होता, आणि अमेरिकेत तोवर ती पद्धत जुनी झाली होती. मग अमेरिकेतल्या गोदामांत पडून असलेल्या तबकड्या शोधून आणल्या जाऊ लागल्या. डेव्ह गॉडिन या पत्रकाराने १९७० मध्ये आपल्या स्तंभात या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. विगन कसिनो हा त्यांचा सर्वांत गाजलेला क्लब १९७३ ते १९८१ चालला. पण नाचाच्या निकषावर संथ गाणी मागेच राहिली. त्यांच्यासाठी गॉडिननेच पुढे ‘डीप सोल ट्रेझर्स’ ही मालिका केली. तिचा पहिला भाग लंडनच्या केंट लेबलने १९९७ मध्ये काढला.

तुमची सुरुवात कारपासून झाली आहे, तर याच मालिकेकडे वळा. भावगीत किंवा ठुमरी ऐकून कान तयार झालेल्या माणसाला डीप सोल लवकर भिडतो, कारण दोन्हीकडे शब्द तोलून, थांबून, एकेका अक्षरावर वजन देऊन गायला जातो. त्यानंतर एकेका लेबलचे संग्रह ऐका. शिकागोची न्यूमेरो ग्रुप ही कंपनी २००३ मध्ये निघाली. तिच्या ‘एक्सेंट्रिक सोल’ मालिकेतला पहिला संग्रह, २००४चा, ओहायोतल्या कोलंबस शहराच्या कॅपसोल लेबलचा आहे. बिल मॉस या रेडिओ डीजेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चालवलेले हे लेबल. त्यातले मॅरियन ब्लॅकचे ‘गो ऑन फूल’ आणि जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर या चौकडीचे ‘यू कान्ट ब्लेम मी’ आधी ऐका. मग मायामीचे डीप सिटी, शिकागोचे ट्वायनाइट. ‘सर्वोत्तम पन्नास’ छापाच्या याद्यांपेक्षा एका लेबलचा सलग संग्रह जास्त शिकवतो. तेच वादक, तीच खोली आणि तोच माइक वेगवेगळ्या गायकांमागे ऐकू आला की त्या शहराचा आवाज कानात बसतो.

देवळालीच्या एका जुन्या बंगल्यातले सामान गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात आले होते. त्यात सात इंची, मोठ्या भोकाच्या चाळीसेक तबकड्या मिळाल्या. लेबलांची नावे कधी ऐकलेली नाहीत. कुठल्या, कधीच्या, हे कसे ओळखायचे? (देवळाली कॅम्प)

वाजवण्याआधी वाचा. तबकडीवर तीन जागी मजकूर असतो: लेबलच्या कागदावर, लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर, आणि क्वचित खोक्यावर किंवा पाकिटावर पेनने लिहिलेला. प्रत्येक तबकडीची एक ओळ वहीत करा आणि सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवा, चुकीचे वाटणारे स्पेलिंगसुद्धा. शोध घेताना तीच चूक उपयोगी पडते.

लेबलच्या कागदावर पत्ता असेल तर काळ बराचसा हाती आला समजा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. पत्त्यात तो असेल तर तबकडी त्यानंतरची. शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर ती बहुधा आधीची. वर्तुळात पी हे अक्षर, त्यापुढे साल, असे असेल तर ती १९७२ च्या आसपासची किंवा नंतरची, कारण अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपासून केंद्रीय कायद्याने संरक्षण मिळाले. ‘स्टीरिओ’ असे छापलेली ४५ची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) तबकडी साधारणपणे १९६८ नंतरची समजावी. ‘नॉट फॉर सेल’ किंवा ‘डीजे कॉपी’ हे शब्द रेडिओसाठी वाटलेल्या प्रतीचे.

कंसातले आडनाव कवी-संगीतकाराचे असते. त्याखाली प्रकाशन कंपनीचे नाव आणि बीएमआय किंवा अॅस्कॅप यांपैकी एका, गीतकार-संगीतकारांचे मानधन वसूल करणाऱ्या संस्थेचे नाव लिहिलेले सापडेल. ही ओळ सर्वांत मोलाची आहे. लेबल बंद पडले, गायकाने नाव बदलले, तरी गाण्याची नोंद या दोन संस्थांकडे राहते आणि तिची यादी इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. गाण्याचे नाव तिथे घाला. लेखकाचे पूर्ण नाव मिळाले की त्याच्या बाकीच्या गाण्यांतून लेबलही सापडते. अरेंजरचे, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्याचे, नाव छापलेले असेल तर तोही धागा धरा. डेट्रॉइटच्या तबकड्यांवर माइक टेरीचे नाव दिसले तर ते अनेकदा मोटाउनबाहेरचे काम असते. मोटाउनचेच वादक एड विंगेटच्या रिक-टिक आणि गोल्डन वर्ल्ड या लेबलांसाठी वाजवत. एडविन स्टारचे १९६५चे ‘एजंट डबल-ओ-सोल’ ऐका, हाताची ओळख पटेल. मोटाउनने १९६६ मध्ये गोल्डन वर्ल्ड विकत घेतले ते उगाच नाही.

आता गुळगुळीत पट्टी. खिडकीच्या तिरक्या उजेडात किंवा मोबाइलचा दिवा बाजूने धरून पाहा. कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला क्रमांक दिसेल. त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली प्रत. हा आकडा काळानुसार चढत जातो, त्यामुळे साल ठाऊक असलेल्या दुसऱ्या तबकडीच्या आकड्याशी ताडून महिन्यापर्यंत जाता येते. ‘नॅशव्हिल मॅट्रिक्स’ असा बारीक ठसा दक्षिणेकडच्या तबकड्यांवर वारंवार येतो. झेड-टी-एस-सी ही अक्षरे म्हणजे कोलंबिया कंपनीने बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी केलेले काम. आरसीएच्या अशा कामात क्रमांकाचे पहिले अक्षर वर्ष सांगते: एस म्हणजे १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८, एक्स १९६९.

एक सावधगिरी. पट्टीवरचा ठसा मास्टर (ज्यावरून साचा बनतो ती मूळ तबकडी) कुठे कापला किंवा प्रत कुठे छापली एवढेच सांगतो. लेबल डेट्रॉइटचे असून काम शिकागोत किंवा नॅशव्हिलला झालेले असू शकते. म्हणून गाव ठरवताना पत्ता आणि प्रकाशन कंपनी यांना आधी मान द्या.

एवढे झाले की डिस्कॉग्ज आणि ४५कॅट या दोन संकेतस्थळांवर क्रमांक टाका. तिथे काही निघाले नाही तर बिलबोर्ड आणि कॅश बॉक्स या व्यापारी साप्ताहिकांचे जुने अंक इंटरनेटवर स्कॅन केलेले आहेत. त्यांतल्या नव्या तबकड्यांच्या परीक्षणांत दोन ओळींची नोंद मिळाली तरी महिना पक्का होतो.

त्याच तबकड्यांतल्या काही हलक्या, कडक आहेत आणि आवाज खरखरीत येतो. धूळ दिसत नाही. (देवळाली कॅम्प, वरील पत्रातलाच प्रश्न)

त्या पॉलिस्टायरीनच्या असाव्यात. अमेरिकेत ४५च्या पुष्कळ तबकड्या विनाइलऐवजी पॉलिस्टायरीन साच्यात ओतून करत, कारण ते काम झटपट होई आणि साचा जास्त दिवस टिके. नखाने कडेवर हलकेच टिचकी मारा. विनाइल भरीव, दबका आवाज देते आणि पॉलिस्टायरीनची टिचकी तीक्ष्ण, पोकळ येते. लेबलचा कागद वरून चिकटवलेला दिसेल. वाकवून बघू नका, तडा जातो.

पॉलिस्टायरीनची खाच लवकर झिजते. जड पिकअपखाली (सुई बसवलेल्या भागाखाली) किंवा डीजेने मागे-पुढे फिरवून झालेली झीज धुऊन जात नाही. गाण्याच्या सुरुवातीला काही सेकंद ‘शर्र’ येऊन नंतर आवाज साफ होत असेल तर तो डीजेच्या हाताचा परिणाम आहे. अशी तबकडी गोल टोकाच्या सुईनेच वाजवा, वजन २ ते २.५ ग्रॅम. लंबगोल टोकाची सुई टाळा. नेहमीच्या गोल सुईचे टोक ०.७ मिल, म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन असते. खाच फारच झिजली असेल तर १ मिलची, म्हणजे २५ मायक्रॉनची सुई लावून बघा. ती खाचेच्या भिंतीवर थोडी वर बसते आणि आधीच्या सुयांनी न घासलेला भाग वाचते. फरक कधी कधी चकित करणारा असतो.

अमेरिकेतल्या काकांनी त्यांचा जुना टर्नटेबल दिला. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आहे, मशीन गरम होत नाही, पण बाईचा आवाज पुरुषासारखा येतो. बेल्ट बदलून झाला. (सिडको)

बेल्टचा दोष नाही. ट्रान्सफॉर्मर २३०चे ११५ व्होल्ट करतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. जुन्या यंत्रांतली एसी मोटर वारंवारतेच्या तालावर फिरते, म्हणून ४५चा वेग ३७.५ वर येतो आणि ३३⅓चा २७.८ वर. सूर तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरतो, म्हणजे काळी चारची पट्टी पांढरी चारला येते.

खात्री करायला घड्याळ पुरे. लेबलवर २:३० वेळ छापलेले गाणे तुमच्याकडे बरोबर ३:०० मिनिटे चालेल. एकाच गाण्यावर विसंबू नका. रेडिओवाल्यांना लांब गाणे नको असे, म्हणून काही लेबले वेळ कमी करून छापत. तीन-चार तबकड्या मोजा.

उपाय दोन. मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली ५० हर्ट्‌झची बसवायची. बऱ्याच कंपन्या दोन्ही मापांच्या पुल्या करत, त्यामुळे मॉडेल क्रमांकावरून जुनी मिळते. ती मिळाली नाही तर मूळ पुलीचा व्यास मोजून १.२ पट मोठी पुली लेथवर करून घेता येते. पण दोन्ही वेगांच्या पायऱ्या त्याच प्रमाणात वाढवाव्या लागतात, आणि पायरी शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत गोल नसेल तर सूर डुलतो. दुसरा उपाय म्हणजे डीसी मोटरचा टर्नटेबल घेणे. यंत्र काकांची आठवण म्हणून ठेवायचे असेल तर पुली करा. रोज ऐकायचे असेल तर डीसीच बरा.

मोठ्या भोकाच्या तबकडीसाठी अडॅप्टर कारखान्यात करून घेतला तर चालेल का? माप काय द्यावे? (सातपूर)

चालेल, आणि बाजारातल्या ताऱ्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या अडॅप्टरपेक्षा चांगला होईल. अॅल्युमिनियम किंवा डेल्रिन (कडक प्लास्टिक) घ्या. बाहेरचा व्यास ३८.० मिमी ठेवा, भोक ३८.२ च्या आसपास असते. आतले छिद्र तुमच्या टर्नटेबलच्या खुंटीवरून व्हर्नियरने मोजून द्या. ते साधारण ७.२ मिमी येते. बाहेरचा आणि आतला व्यास एकाच पकडीत कापायला सांगा. पकड बदलली की केंद्र सरकते आणि प्रत्येक फेऱ्यात सूर वर-खाली होतो. उंची ५ मिमी पुरे. उंच अडॅप्टर लेबलजवळ आलेल्या पिकअपला लागू शकतो.

तबकड्या धुवायच्या कशाने? कुणी लाकडाला लावायचा पांढरा गोंद पसरून सोलून काढायला सांगते, कुणी स्पिरिट. घरात आजोबांच्या ‘यंग इंडिया’ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डही आहेत, त्याही अशाच धुऊ का? (पंचवटी)

आजोबांच्या रेकॉर्ड आधी बाजूला ठेवा. यंग इंडिया हे मुंबईचे ७८चे लेबल आणि त्या तबकड्या लाखेच्या. स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लाख विरघळवते. एकदा पुसले की चकाकी आणि आवाज दोन्ही कायमचे गेले. त्यांना डिस्टिल्ड पाण्यात ओलसर केलेला मऊ कपडा खाचेच्या दिशेने फिरवा आणि लगेच कोरडे करा. कडेचा टवका उडाला असेल किंवा चीर असेल तिथे पाणी लावू नका. आतला भरणा पाणी पितो आणि फुगतो.

विनाइलसाठी: १ लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बिनवासाच्या भांड्यांच्या द्रव साबणाचे ३-४ थेंब. यापेक्षा जास्त साबण घातला तर तोच खाचेत राहतो आणि सुईच्या टोकावर पांढरा गोळा जमतो. नळाचे पाणी नको. उकळल्याने जंतू मरतात, क्षार राहतातच, आणि वाळल्यावर तेच टिकटिक करतात. पॉलिस्टायरीनच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात नको, नुसते पाणी आणि साबण.

तबकडी जाड टॉवेलवर ठेवा. लेबल झाकायला ९ सेंटिमीटरच्या आसपासचे प्लास्टिकचे झाकण वर दाबून धरा. द्रावण पसरून मिनिटभर मुरू द्या. मग मखमलीचा तुकडा किंवा अगदी मऊ नायलॉनचा ब्रश खाचेच्या गोलाईनेच फिरवा. आडवा फिरवला की मळ एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसतो. साबण न घातलेल्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खंगाळा, मायक्रोफायबरने टिपा, सावलीत उभी ठेवून वाळवा. हेअर ड्रायर वापरू नका. पूर्ण वाळायच्या आत नव्या पाकिटात घालू नका, जुन्या पाकिटात तर कधीच नाही. त्यातली धूळ ओल्या खाचेला चिकटते.

गोंदाचा उपाय विनाइलवर चालल्याची उदाहरणे आहेत, पण आम्ही तो सुचवत नाही. थर पातळ पडला की सोलताना फाटतो, तुकडे खाचेत राहतात आणि ते काढायला पुन्हा धुवावे लागते. लेबलच्या कडेला लागला तर कागद निघून येतो. जिच्या थोड्याच प्रती जगात उरल्या आहेत अशा तबकडीवर हा प्रयोग कशाला?

संगणकावर उतरवताना आवाज सपाट होतो. काय चुकत असेल? (नाशिक रोड)

आवाज बारीक आणि पत्र्यासारखा असेल तर फोनो प्रीअॅम्प जोडलेला नाही. तबकडी कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. प्रीअॅम्प ते उलटे करून मूळ तोल परत आणतो आणि पिकअपचा ३-५ मिलिव्होल्टचा क्षीण संकेत वाढवतो. काही टर्नटेबलांत तो आतच असतो, मागे ‘फोनो/लाइन’ अशी कळ दिसते. दोन प्रीअॅम्प एकापुढे एक लागले तर उलटा दोष येतो, आवाज घुमट आणि फाटका. प्रीअॅम्प बरोबर असूनही जीव गेल्यासारखा वाटत असेल तर सॉफ्टवेअरचे ‘नॉइज रिडक्शन’ जास्त लागले आहे.

पद्धत अशी ठेवा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ निवडा. मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते, तीन मिनिटांच्या बाजूला शंभरेक. ४५च्या तबकड्या मोठ्या आवाजात कापलेल्या असतात, म्हणून आधी गाण्याचा सर्वांत चढा भाग, बहुतेक वेळा शेवटचा मुखडा, वाजवून पातळी लावा. सर्वोच्च टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पॉलिस्टायरीनची असेल तर ही चाचणीही एकदाच.

उतरवलेली मूळ फाइल हात न लावता जपून ठेवा. काम तिच्या प्रतीवर करा. १९६८ पूर्वीच्या बहुतेक तबकड्या मोनो आहेत, पण स्टीरिओ पिकअप खाचेच्या दोन्ही भिंती वेगळ्या वाचतो. एक चॅनल उलटा करून दोन्ही मिळवा. गाणे जवळजवळ नाहीसे झाले आणि फक्त खरखर उरली तर तबकडी मोनो आहे. मग मूळ दोन्ही चॅनल सुलटे मिळवून एक केलेत की उभ्या दिशेची खरखर आपोआप कटते. एक भिंत फार खराब असेल तर मिळवू नका, चांगला चॅनल एकटा घ्या.

मोठे टकटक आवाज एकेक निवडून काढा. उरलेली सर्वसाधारण खरखर राहू द्या. डेट्रॉइटच्या गाण्यांत टॅम्बोरीन जवळजवळ प्रत्येक मात्रेवर असते, आणि सॉफ्टवेअर तिची झणझण खरखरच समजून पुसते. ती गेली की गाण्याचा ठेकाच बसतो. दुसरी सवय: ४५ वर वाजवताना बास घुमतो म्हणून खालचे सूर कापू नका. आधी टर्नटेबल स्पीकरच्या मेजावरून हलवा.

परदेशातून मागवायच्या आहेत. अस्सल-नकली कसे कळावे आणि काय जपावे? (कॉलेज रोड)

आधी हे ठरवा की गाणे हवे आहे की वस्तू. फ्रँक विल्सनचे ‘डू आय लव्ह यू’ हे मोटाउनच्याच ‘सोल’ लेबलवर १९६५ मध्ये छापून बाहेर न आलेले गाणे. मूळ प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. तेच गाणे १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा निघाले आणि आज कुठल्याही चांगल्या संग्रहात आहे. ऐकायला दोन्हींत तोच विल्सन.

सत्तरच्या दशकात नॉर्दर्न सोलच्या मागणीमुळे इंग्लंडात चोरट्या प्रती भरपूर निघाल्या. विक्रेत्याकडून गुळगुळीत पट्टीचा जवळून फोटो मागवा. मूळ प्रतीवर यंत्राचा ठसा आहे आणि समोरच्या फोटोत हाताने कोरलेला आकडा आहे, तर थांबा. लेबलची बारीक अक्षरे फुगीर किंवा पुसट असतील तर ते फोटोवरून केलेले लेबल. मूळ पॉलिस्टायरीनची आणि समोरची विनाइलची असेल तर चौकशी करा. काही गाण्यांच्या दोन्ही प्रकारच्या अस्सल प्रती आहेत, म्हणून तेवढ्यावरून नकली ठरवू नका.

प्रतवारीत ‘व्हीजी’ याचा शब्दशः अर्थ ‘फार चांगली’ असला तरी व्यवहारात ती सतत खरखरणारी तबकडी असते. ऐकण्यासाठी ‘व्हीजी प्लस’ मागा, आणि प्रतवारी डोळ्यांनी केली की वाजवून, हे विचारा. पॉलिस्टायरीनची झीज डोळ्यांना दिसत नाही.

पार्सलमध्ये तबकडी पाकिटाबाहेर काढून, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा लावून पाठवायला सांगा. एक तबकडी जेमतेम ४०-४५ ग्रॅमची, तेव्हा पाच-सहा एकत्र मागवल्या तर टपालखर्च विभागला जातो. सीमाशुल्क मालाच्या किमतीसह वाहतूक आणि विमा धरून लागते, हिशेब तसाच करा. आणि एप्रिल-मेमध्ये मागवू नका. डिलिव्हरीच्या गाडीत दुपारभर उन्हात राहिलेली तबकडी वाकून येते.

साठवण कशी करावी? सध्या माळ्यावर, कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवल्या आहेत. (इंदिरानगर)

डांबरगोळ्या आजच काढा. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. माळाही नको, उन्हाळ्यात घरातली सर्वांत तापणारी जागा तीच. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर, तबकड्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात आणि घासतात. जुनी मऊ पीव्हीसीची पाकिटे टाकून द्या, त्यातले तेल तबकडीवर ढगाळ डाग पाडते. आत पॉलिथीनचे आणि बाहेर पॉलिप्रोपिलीनचे घ्या. मूळ कागदी पाकीट वेगळे जपा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पंधरवड्याला कोरड्या करा, आणि उघडीप मिळाली की कपाट तासभर उघडे ठेवा. पाकिटावर पांढरी बुरशी दिसली तर ती तबकडी लगेच बाकीच्यांपासून दूर करा.

आमच्या कॅफेत ही गाणी लावू का? आणि उतरवलेली गाणी यूट्यूबवर टाकली तर चालेल? लेबल तर केव्हाच बंद झाले आहे. (महात्मानगर)

लेबल बंद झाले म्हणून हक्क संपत नाहीत. ते विकले जातात किंवा वारसांकडे जातात. एका तबकडीत दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. घरी स्वतःसाठी उतरवून ऐकायला आपला १९५७चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. कॅफे ही सार्वजनिक जागा. शब्द-चालीसाठी आयपीआरएस या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्यांचे बीएमआय, अॅस्कॅप यांच्याशी परस्पर करार आहेत. ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा.

यूट्यूबचे उत्तर नाही असेच आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे आहे, पण तुमचा व्हिडिओ अमेरिकेतही दिसणार. तिथे २०१८च्या कायद्याने १९५७ ते १४ फेब्रुवारी १९७२ या काळातल्या तबकड्यांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण दिले आहे. यातले अनेक गायक आज वृद्ध आहेत आणि त्यांना या गाण्यांचा पैसा तेव्हा मिळालाच नाही. पुनर्प्रकाशन करणारी चांगली कंपनी आधी हक्कदार शोधते आणि करार करून पैसे देते.

तुमच्याकडची तबकडी कुठल्याही यादीत नसेल तर गाणे न टाकता माहिती टाका. दोन्ही लेबलांचे आणि पट्टीचे स्वच्छ फोटो, लेखक, प्रकाशन कंपनी, अरेंजर, छापलेली वेळ, एवढे डिस्कॉग्ज आणि ४५कॅटवर नोंदवा. संग्रह काढणाऱ्या कंपन्यांचे लोक ही स्थळे पाहत असतात. त्यांनी संपर्क साधला तर मूळ, हात न लावलेली २४ बिटची फाइल द्या. मास्टर टेप हरवलेल्या लेबलांचे संग्रह बऱ्याचदा अशाच प्रतींवरून तयार होतात.